एक तारखेपर्यंत थांब

माझी सून चादरींच्या लॉन्ड्रीत कामाला आहे. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथे येतात आणि धुऊन, वाफेच्या रुळांतून काढून, घडी घालून परत जातात. रुळाच्या एका बाजूला दोघी ओली चादर आत सरकवतात, दुसऱ्या बाजूला दोघी गरम चादर ओढून घेतात. सून गरम बाजूला असते, दिवसभर उभी. घरी आली तरी बसेल तर शपथ, म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. लग्न होऊन आली तेव्हा रागानं म्हणायचे, आता सवयीनं म्हणते.

गेल्या थंडीत मी न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. मग भिंगरीनं बिनपगारी रजा काढली आणि जवळजवळ तीन महिने माझं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं, सांगायलाही लाज वाटावी असं. मी काही गोड बाई नाही, आणि पडलेली सासू म्हणजे दुप्पट सासू. गार पाणी आणलं की मला कोमट हवं, कोमट आणलं की घसा धरतो. ती म्हणायची, "आई, तुम्ही ओरडलात की बरं वाटतं बघा. अंगात जोर येतोय म्हणायचा."

तेव्हा तिला दिवस गेलेले होते. मला कळलं ते मी वॉकर धरून चालायला लागल्यावर.

"मला उचलताना काही झालं असतं म्हणजे?" मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर उचलू दिलं असतंत का?"

यावर मी चहा मागितला.

आता रजेचं सांगते. लॉन्ड्रीवाले बाळंतपणाचा पगार देत नाहीत, तो सरकारी योजनेतून मिळतो. किती आठवडे मिळणार आणि आठवड्याला किती मिळणार, याचा अंदाज मोबाईलवर काढता येतो. एका सुटीच्या दिवशी मुलानं तो काढायला घेतला. आमचा मुलगा मौनीबाबा, दिवसाला दहा शब्द खर्चील तर खूप. डॉक्टरनं बाळंतपणाची चार तारीख दिली होती. त्याच्या आधी दोन आठवडे भिंगरी घरी बसेल असं धरून त्यानं तारीख टाकली. सहा आठवडे, असं आलं. आणि पैसे इतके, की घरभाडं दिलं की डबे रिकामे.

"पुन्हा टाक," मी म्हटलं.

पुन्हा टाकताना त्याचं बोट सरकलं आणि एक तारीख पडली. चौदा आठवडे आले, आणि पैसे जवळजवळ पगाराइतके. तो मागे गेला, सहा. पुढे गेला, चौदा. एक तारखेच्या अलीकडे सहा, पलीकडे चौदा.

"चळलंय ते," मी म्हटलं. "सरकारी आहे ना, चळणारच."

पण सहा की चौदा, यावर आमचं सगळंच अडलेलं होतं. जवळचं पाळणाघर तीन महिन्यांच्या आतलं मूल घेत नाही. सहा आठवड्यांनी भिंगरी कामावर गेली, तर ते पोर सांभाळणार कोण? घरात मी. आणि माझे दोन्ही हात वॉकरला. सोडले की मी खाली. मी पोराशी बोलेन, गाणी म्हणेन, हवं तर रागावेन, पण रडायला लागलं तर उचलून घेऊ शकणार नाही.

मग आम्ही तिघं त्या योजनेच्या कचेरीत गेलो. खिडकीवरची बाई चांगली होती, हे आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सगळ्यांनाच शिव्या घालते. तिनं कागदावर चौकोन काढून समजावलं. वर्षाच्या चार तिमाह्या. रजा ज्या तिमाहीत सुरू होते, तिच्या लगतची मागची तिमाही सोडून द्यायची आणि तिच्याही मागची धरायची. त्या तिमाहीत जितकं काम केलं असेल, तितके आठवडे आणि तितका पैसा; काम नसलंच तर कमीत कमी सहा आठवडे. एक तारखेला नवी तिमाही लागत होती. रजा त्याच्या आधी सुरू झाली, तर मोजायला येणार थंडीतली तिमाही. नंतर झाली, तर त्यापुढची, जिच्यात भिंगरीनं एक पाळी चुकवली नव्हती.

घोडं इथे पेंड खात होतं. थंडीतली तिमाही म्हणजे माझा खुबा.

"अहो, पाय मोडला माझा आणि रजा कापता हिची?" मी म्हटलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही."

ती बाई हसली नाही. तिनं भिंगरीला विचारलं, "तेव्हा घरच्या आजारी माणसाची देखभाल म्हणून अर्ज केला होता का? केला असता, तर ते आठवडे कामाचे धरले असते."

भिंगरी म्हणाली, "सासूचं करायचं आणि त्याचे सरकारकडून पैसे घ्यायचे, हे मला सुचलंच नाही."

"आता करता येईल?" मी विचारलं.

"मुदत गेली त्याची."

मी तोंडाची फटकळ असले तरी मला अडल्यावर वाकता येतं. अडला हरी, दुसरं काय. मी त्या बाईला म्हटलं, "बाई, माझे कागद बघा, एक्स-रे बघा, वॉकर बघा. ही घरात बसून झोपा नव्हती काढत."

"आजी, मला दिसतंय ना. पण तिमाही रिकामी असली की या कॉम्प्युटरवर पुढचं पान उघडत नाही. माझ्या हातात असतं तर मी केलं असतं."

"मग कुणाच्या हातात आहे?"

तिनं खरंच विचार केला. मग म्हणाली, "माहीत नाही हो." आणि एक फोन नंबर लिहून दिला. त्या नंबरावर वाद्यं वाजतात. मी घरी बसून पुष्कळ वेळा ऐकली आहेत.

निघताना भिंगरीनं एवढंच विचारलं, रजा सुरू झाली असं कधी धरतात. बाई म्हणाली, मूल जन्मेल तो दिवस, नाहीतर कामावरची पहिली चुकलेली पाळी, जे आधी येईल ते.

झालं. म्हणजे पोरीनं एक तारखेपर्यंत कामावर जायचं आणि पोटातल्यानं एक तारखेपर्यंत आत बसायचं. घरात दुसरा विषय राहिला नाही. मी तिच्या पोटाशी बोलायला लागले. "थांब गं बाई, एक तारखेपर्यंत थांब. आत काही भाडं पडत नाही तुला." मुलगी आहे असं मीच ठरवून टाकलं होतं. मौनीबाबासुद्धा एकदा पोटाला कान लावून म्हणाला, "थांब." त्याचा त्या दिवशीचा दहावा शब्द असावा. भिंगरी हसून हसून खाली बसली. हसण्यासारखं होतं म्हणून हसलो, पण मला ते आवडत नव्हतं. येणाऱ्या पोराला लवकर ये म्हणतात, सुखरूप ये म्हणतात. थांब कुणी म्हणत नाही.

शेवटच्या पंधरवड्यात तिचे पाय सुजले. चपला जाईनात, मग मुलाचे बूट घालून कामाला जायला लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाल्या, "आजपासून काम बंद. मी रजेचं लिहून देते." भिंगरीनं त्यांच्या कागदावर हात ठेवला. "लिहू नका. नऊ दिवस राहिलेत."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे काही नाचायला लागलं, तर तशीच निघून ये. हे माझ्यासमोर सांगितलं. मी ऐकलंय ते.

लॉन्ड्रीतल्या सुपरवायझरनं तिला रुळावरून काढून उशांच्या अभ्र्यांवर बसवलं. स्वतःचं स्टूल दिलं. माणसं वाईट नाहीत हो कुठलीच. वाईट कोण हे सापडलं असतं, तर मी त्याच्या दारात जाऊन बसले असते.

एका संध्याकाळी ती आली तेव्हा तिचा चेहरा असा फुगला होता, की मला बघवेना. मी म्हटलं, "बस झालं. उद्यापासून जायचं नाही. सहा तर सहा, बघू पुढचं पुढे."

"पुढचं काय बघू, आई? ती रडायला लागली तर तुम्ही काय करणार?"

ती टोचून नाही बोलली. तिला खरंच उत्तर हवं होतं. माझे हात वॉकरवर होते आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ती गेली. मी दारातून बघितलं, मुलाचे मोठे बूट घालून, जिना एकेक पायरी उतरत.

एकोणतीस तारखेला तिची आठवड्याची सुटी होती. म्हणजे न जाताही पाळी चुकणार नव्हती, तेवढीच विश्रांती. पुढे तीस तारखेची एक पाळी आणि मग एक तारीख. सकाळी ती कप विसळत होती. मी टेबलाशी बसले होते. ती म्हणाली, "आई, दोन नळ दिसतायत."

मी म्हटलं, "काय?"

"दोन नळ." आणि ती ओट्याला धरून हळूहळू खाली बसली, मग आडवी झाली.

मी उठले. वॉकर घेऊन तिच्यापर्यंत गेले. तिनं खालून हात वर केला, मला धरायला. आणि मला वाकता येईना. माझं माणूस पायाशी पडलंय आणि मी खांबासारखी उभी. ज्या पोरीनं मला तीन महिने उचललं, तिचा हात मला धरता आला नाही. मी खिडकीशी जाऊन शेजारणीच्या नावानं बोंब मारली. पुढचं तिनंच केलं, गाडी बोलावली, मुलाला कळवलं.

दुपारच्या आत ऑपरेशन झालं. बाहेर येऊन नर्स म्हणाली, "मुलगी झाली. लहान आहे, पण छान आहे. आईला अजून गुंगी आहे, पण धोका टळलाय. अभिनंदन."

नातीच्या मनगटाला कागदाचा पट्टा होता आणि तिचा चेहरा बघायच्या आधी मी त्या पट्ट्यावरची तारीख वाचली. आजी झाल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर हे. मला स्वतःची शिसारी आली.

संध्याकाळी भिंगरीला थोडी शुद्ध आली. हाताला नळ्या, ओठ कोरडे. नर्सनं नातीला माझ्या मांडीवर आणून ठेवलं होतं, कारण मी बसलेली असले की मला कुणीही धरायला देतं. मुलगा पलंगापाशी उभा होता. भिंगरीनं डोळे किलकिले केले. पोर कशी आहे, हे नाही विचारलं.

"आई, आज किती तारीख?"

मी म्हटलं, "एक."

तिला ते कळायला वेळ लागला. "दोन दिवस झोपले होते मी?"

"हो. दमली होतीस."

तिनं मुलाकडे बघितलं. माझा मुलगा जन्मात कधी खोटं बोललेला नाही, बोलायचाच कंटाळा म्हणून असेल. तो म्हणाला, "हो."

"म्हणजे थांबली ती," भिंगरी म्हणाली.

"थांबली," मी म्हटलं. "शहाणी आहे. तुझ्यावर गेलीय."

ती हसली. इतके दिवस दाबून धरलेलं काहीतरी तिच्या तोंडावरून उतरलं आणि ती तशीच झोपली. नात झाल्याचा आनंद मला त्या वेळी झाला, पहिल्यांदा. खोटा तर खोटा.

मग माझं लक्ष समोरच्या भिंतीवर गेलं. पलंगाच्या अगदी समोर एक पांढरा फळा होता. त्यावर डॉक्टरांचं नाव, नर्सचं नाव आणि खाली मोठ्या आकड्यांत तारीख. उठल्या उठल्या तिला तेच दिसणार होतं.

मी मुलाला म्हटलं, "पूस ते."

त्यानं विचारलं नाही काय ते. बाहीनं तारीख पुसली आणि औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेला.

उद्या कळणारच होतं, मला काय ते समजत नाही? उद्या खिडकीवरची बाई, उद्या सहा आठवडे, उद्या सगळं. पण आजची रात्र तरी ती चौदा आठवड्यांची आई म्हणून झोपली असती. एवढंच मला देता येत होतं.

थोड्या वेळानं नवीन पाळीची नर्स आली. हसरी होती. तिनं भिंगरीचा रक्तदाब घेतला, नळी बघितली, नातीच्या गालाला बोट लावलं. मग भिंतीकडे वळली, रिकामी जागा बघितली आणि "अरेच्चा, पुसलं गेलं वाटतं" असं म्हणून खिशातलं पेन काढलं. जुनं नाव पुसून तिथे आपलं नाव लिहिलं. मग खाली एकोणतीस.

पलंगावर भिंगरीची मान हलली. मला उठून त्या फळ्यापुढे उभं राहायचं होतं. पण मांडीवर पोर होती, आणि तिला घेऊन मला उठता येईना.