पाद्री

"हात दाखवा बघू," तलावावरच्या नावा सांभाळणारी मायनिर म्हणाली.

नावेच्या साखळीची किल्ली घ्यायला पुढे केलेला हात एमलिनने कोटाच्या खिशात घातला. "हात कसला बघतेस? भविष्य सांगणार आहेस का?"

"भविष्यच. परवा तुमचा निम्मा चहा बशीत सांडला होता. मासेमारी क्लबचे कमिटीवाले विचारतायत, म्हातारा अजून एकटा नाव नेतो का? काय सांगू त्यांना?"

"सांग, बशीतला चहा लवकर निवतो."

तिला हसू आलं, पण किल्ली मुठीतच राहिली. "बरं, आजच्या दिवस जा. नीट आलात तर मी काही बोलायची नाही. नाहीतर यापुढं काठावरूनच गळ टाकायचा."

काठावर माणसं बोलत. वेल्सच्या डोंगरातल्या त्या तलावात, मधोमध, कुणी बोलत नसे. बायको गेल्यापासून एमलिनची प्रार्थना तिथेच होत असे.

दुपारी वारा पडला. गळाला बांधलेली पिसांची माशी पाण्याला टेकली न टेकली तोच एका ट्राउट माशाने ती ओढली. जाळीत आला तो चांगला थोराड, अंगभर ठिपके. धरलेला मासा परत सोडायचा नाही, डोक्यावर घाव घालून लगेच संपवायचा, असा इथला नियम. त्यासाठीच्या वीतभर सोट्याला लोक पाद्री म्हणतात. शेवटचा संस्कार तोच करतो. एमलिनचा पाद्री बापाच्या हातचा होता. बाप म्हणायचा, "दोनदा मारावं लागलं, तर तो संस्कार नव्हे, मारहाण."

एमलिनने पाद्री उचलला. पहिला घाव फळीवर बसला. दुसरा कल्ल्यापाशी. मासा तोंड उघडत-मिटत राहिला. तिसऱ्याने निपचित झाला.

"माफ कर रे बाबा."

त्याने गळ गुंडाळला आणि नाव धक्क्याकडे वळवली.

धक्क्यावर मायनिर उभी होती. "आलात की धडधाकट! उगीच घोर लावतात माणसं जिवाला."

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प राहिला असता तर नाव त्याचीच होती. त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली, आणि वर पाद्री.

"हा कशाला?"

"आज तीनदा मारावं लागलं."

"असू दे हो," ती हळूच म्हणाली. "मासाच तो."

"म्हणूनच. तो काही तुझ्याकडे तक्रार घेऊन यायचा नाही."

पाठीमागे पाण्यावर सावली सरकली. मासेमार घार पंख मिटून कोसळली आणि नखांत ट्राउट घेऊन उठली. एकाच झडपेत.

एमलिनने टोपी काढली. घार डोंगराआड जाईपर्यंत टोपी त्याच्या हातात थरथरत होती.