तीन चेहऱ्यांखालचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खडूने लिहायचा काळा फळा नव्हे हं, बास्केटबॉलचा. ज्याच्यावर आपटून चेंडू रिंगमध्ये पडतो ना, तो. चोवीस वर्षं मी चेंडूंचा मार खाल्ला, पण कधी कुरकुर केली नाही. मार खाणं हेच माझं काम. मात्र एका वादळानंतरच्या तीन दिवसांत मी जे पाहिलं, त्याने असा हादरलो की अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म तिगबाय शहराच्या कडेला, समुद्रालगतच्या कोळीवस्तीत झाला. तिथे मानोंग क्रिस्पिन नावाचा सुतार होड्या बांधायचा. वयाने मोठ्या माणसाला आमच्याकडे मानोंग म्हणतात आणि बाईला मानांग. मोडीत निघालेल्या एका होडीच्या फळ्या त्याने घेतल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या, जोडल्या आणि मला घडवलं. पांढराशुभ्र रंग दिला. मधोमध लाल चौकोन काढला आणि मला दोन माडाच्या खोडांवर चढवलं. मग चार पावलं मागे जाऊन तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"कसा दिसतोय?" त्याने बायकोला विचारलं.

मानांग एस्तेर मासे साफ करत होती. तिने मान वाकडी करून पाहिलं. "चौकोन तिरका आलाय."

"तिरका नाही. तूच तिरकी बसलीयेस."

"बरं बाबा, मीच तिरकी!"

माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं भांडण. माझ्या अंगावर तेव्हा कुणाचंही नाव नव्हतं. मानोंगने स्वतःचंसुद्धा लिहिलं नाही.

वर्षभराने शहराचे महापौर डॉन औरेलियो सालुदारेस वस्तीत आले. मोठे भारदस्त गृहस्थ, मिशा अशा की मुलं बघतच राहत. त्यांनी मैदानाला सिमेंट केलं, वर पत्र्याचं छप्पर घातलं, एका बाजूला बसायला पायऱ्या बांधल्या आणि पायऱ्यांखाली एक खोली काढली. वस्ती खूश झाली. मीही खूश झालो. उगाच का खोटं बोलू? पण दुसऱ्याच दिवशी एक रंगारी शिडी घेऊन आला. त्याने माझ्यावर डॉन औरेलियोंचा हसरा चेहरा काढला आणि खाली हातभर अक्षरांत नाव लिहिलं. माझा लाल चौकोन त्यांच्या मिशांखाली गडप झाला. घडवलं एकाने, आणि नाव भलत्याचंच!

आमच्या देशात महापौराला लागोपाठ तीनच मुदती मिळतात. डॉन औरेलियोंच्या संपल्या तसे ते राजधानीत खासदार म्हणून गेले आणि त्यांच्या जागी त्यांची बायको, डोन्या फेलिसितास, उभ्या राहिल्या. बड्या घरच्या पुरुषाला आमच्याकडे मानाने डॉन म्हणतात, तसं बाईला डोन्या. निवडूनही आल्या. रंगारी पुन्हा शिडी घेऊन हजर. त्याने मिशा पुसल्या, अंबाडा काढला, कानांत डूल घातले. पण गडी कामचुकार! दात होते तेच ठेवले. पुढची नऊ वर्षं डोन्याबाई नवऱ्याच्या दातांनी हसत होत्या आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

या दोघांचा एकुलता एक मुलगा इरेनेओ. घरात आणि गावात सगळे त्याला योयोय म्हणत. आईवडील भाषण करत तेव्हा हा पोरगा बूट काढून वस्तीतल्या मुलांबरोबर खेळायचा. नेम अगदी वाईट! तो बारा वर्षांचा होता तेव्हा माझ्यावर अजून डॉन औरेलियोच होते, आणि त्याने मारलेला चेंडू नेमका वडिलांच्या रंगवलेल्या नाकावर बसला.

"बाप रे!" योयोय म्हणाला. "आता घरी माझी धडगत नाही."

मानांग एस्तेर पायऱ्यांवर बसून जाळं शिवत होती. ती खो खो हसली. "अरे, नेम तरी कुठे धरणार तू? या फळ्याला चौकोनच राहिला नाही."

"मानांग, मी मेयर झालो ना, की हा फळा पांढरा करीन. वर फक्त चौकोन. शपथ!"

"बघू हं. विसरशील."

"नाही विसरणार!"

मित्रांनो, त्या मुलाचा मला फार लळा होता. त्याच्या त्या शब्दावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

सोळाव्या वर्षी योयोय तरुणांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. त्याने सामने भरवले, सगळ्या संघांना सदरे वाटले. सदऱ्यावर पुढे योयोयचं नाव मोठं, मागे खेळाडूचा आकडा एवढासा. बाविसाव्या वर्षी तो नगरसेवक झाला. सव्विसाव्या वर्षी आईच्या मुदती संपल्या आणि मानोंग क्रिस्पिनचा लाडका योयोय तिगबायचा महापौर झाला.

मी वाट बघत होतो. रंगारी शिडी घेऊन आला तेव्हा मला वाटलं, आला बुवा दिवस! पण त्याच्या डब्यात पांढरा रंग नव्हता.

"आई, राहू दे ना," योयोय खालून हळूच म्हणाला. "फळा पांढराच बरा दिसतो."

"बरा दिसतो?" डोन्या फेलिसितास म्हणाल्या. "लोक चेहरा बघून मत देतात, बाळा. तुझ्या वडिलांनी काय गोट्या खेळून घराणं उभं केलं?"

योयोय लाजला. मग तो रंगाऱ्याला म्हणाला, "केस थोडे दाट काढ." मानांग एस्तेर गर्दीत उभी होती. तिच्याकडे त्याने पाहिलंच नाही.

वाईट महापौर होता असं मी म्हणणार नाही. त्याने गटार बांधलं, दवाखाना काढला, शाळेला बाकं दिली. पण गटाराच्या झाकणावर योयोय, दवाखान्याच्या दारावर योयोय, बाकांवर योयोय. कुठेही बसा, त्याच्यावरच बसणार!

त्याच्या पाचव्या वर्षी वादळ आलं. मी होडीच्या लाकडाचा, वारा मला नवा नाही. पण तसला वारा मी कधी पाहिला नव्हता. वस्तीतली एकूण एक घरं गेली. माझे दोन बोल्ट निखळले, रिंग तुटून पडली आणि मी एका कडेने लोंबकळत राहिलो. छप्पर मात्र अर्धं टिकलं. सगळी वस्ती त्याखाली येऊन बसली. नदीवरचा पूल वाहून गेला होता, त्यामुळे शहराशी संबंध तुटला.

बरोबर माझ्याखाली मानांग एस्तेरने चटई टाकली. मानोंग क्रिस्पिन त्या चटईवर पडून होता. म्हातारा झाला होता, अंगात सणसणून ताप होता, पोटात अन्नाचा कण नव्हता.

पहिल्याच दिवशी एक सरकारी जहाज समुद्रातून आलं. तांदळाची पोती उतरली, साधी, पांढरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायका रडल्या. वस्तीच्या प्रमुखाला आमच्याकडे कप्तान म्हणतात. कप्तान रूफोने सगळी पोती पायऱ्यांखालच्या खोलीत रचली आणि दाराला कुलूप घातलं.

"आता कधी वाटणार?" लोकांनी विचारलं.

"पिशव्या आल्या की."

"कसल्या पिशव्या?"

"मेयरच्या. त्यांचा फोटो असलेल्या. साध्या पोत्यातून वाटला तर लोकांना कळणार कसं, कुणी दिला ते? छापखान्यात टाकल्यात. उद्या येतील."

माझा कानांवर विश्वासच बसेना. समोर तांदूळ होता, समोर उपाशी माणसं होती आणि मध्ये न आलेली एक पिशवी होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी मानांग एस्तेर कप्तानापुढे उभी राहिली. "रूफो, मूठभर दे रे. फक्त मूठभर. क्रिस्पिनला पातळ पेज करून घालते. दुसरं काही उतरत नाही त्याच्या घशाखाली."

"मानांग, माझ्या हातात असतं तर दिला नसता का? किल्लीच नाही. कुणी परस्पर वाटू नये म्हणून डोन्यांनी कालच होडी पाठवून मागवून घेतली."

"मग फोडू ना कुलूप!" मागून कुणीतरी ओरडलं.

"फोडा की. पण मदतीच्या यादीतून वस्तीचं नाव उडालं, तर माझ्याकडे यायचं नाही."

हे ऐकून पुढे सरसावलेले मागे सरले. पुढे घरं बांधायला पत्रे मिळायचे होते, तेही त्याच यादीतून. मानांग परत येऊन बसली. तिने ओला फडका नवऱ्याच्या ओठांवर पिळला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मानोंगने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"एस्तेर, चौकोन दिसत नाही गं."

"आहे तो. रंगाखाली आहे."

"तिरका नव्हता हं."

"नव्हता," मानांग म्हणाली. "मीच तिरकी बसले होते."

थोड्या वेळाने तो गेला. मित्रांनो, मला घडवणारा माणूस माझ्या पायाशी उपाशी मेला. वीस पावलांवर तांदूळ होता. आणि वरून मी त्याच्याकडे योयोयच्या चेहऱ्याने हसत होतो! मला किती लाज वाटली, कसं सांगू?

दुपारी योयोयची होडी लागली. बरोबर पिशव्यांचे गठ्ठे होते, फोटो काढणारा माणूस होता. कप्तान धावला. "आल्या, आल्या! चला, रांगा लावा!" पण एकही माणूस उठला नाही. योयोय हसत आत आला आणि त्याला चटईवर पांघरलेलं शरीर दिसलं. शेजारी मानांग बसली होती.

"मानोंग?" त्याचा आवाज फाटला. "कधी?"

"सकाळी."

"कशाने?"

"मूठभर तांदळाने," मानांग म्हणाली.

योयोय कप्तानावर उसळला. "तांदूळ परवा आला ना? वाटला का नाहीस? कुणी सांगितलं थांबायला?"

"तुम्हीच, मेयर," कप्तान चाचरत म्हणाला. "तांदळाबरोबर आलेल्या चिठ्ठीवर सही तुमची होती."

योयोय पांढराफटक पडला. "मला वाटलं... एका दिवसाने काय होतंय." मग तो ओरडला, "किल्ली कुठाय?"

किल्ली घरी, आईच्या कपाटात राहिली होती. पिशव्या आठवणीने आणल्या, किल्ली विसरला!

पुढे काय झालं ते विजेसारखं झालं. तो खांबावर चढला. लहानपणी अडकलेला चेंडू काढायला चढायचा, तसाच. त्याने माझे उरलेले बोल्ट ओढून काढले आणि मला खाली घेतलं. चार जणांनी मला धरलं आणि त्या दारावर आदळलं. एकदा, दोनदा, तीनदा. त्याच्या रंगवलेल्या नाकावर तडा गेला. चौथ्या धडकेला दार कोसळलं. योयोय पोत्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडला. तासाभरात चुली पेटल्या. मानांग एस्तेरने वाडगाभर पेज घेतली, चटईपाशी नेऊन ठेवली आणि ती निवेपर्यंत तशीच बसून राहिली.

मला वाटलं, आता तरी या मुलाचे डोळे उघडले. पण खरा हादरा अजून बसायचाच होता.

वर्षभराने निवडणूक आली. मैदानावर नवा काचेचा फळा आला. त्याच्यावर काय होतं, सांगू? दार फोडणाऱ्या योयोयचा फोटो! आणि खाली लिहिलं होतं, 'जनतेसाठी दारं फोडणारा महापौर'. फोटोच्या कोपऱ्यात चटईचं एक टोकसुद्धा आलं होतं. तोच फोटो नव्या पिशव्यांवरही छापला. आणि मित्रांनो, तो भरघोस मतांनी निवडून आला. माणसाने स्वतःचं रडणंसुद्धा छापून वाटावं! मी तर सुन्न झालो.

मला मैदानामागे उकिरड्यावर टाकलं होतं. मानांग एस्तेर मला पाठीवर घेऊन गेली. रोज सकाळी ती नारळाच्या करवंटीने माझा रंग खरवडायची. आधी योयोय गेला, मग डोन्या, मग डॉन औरेलियो. दात सगळ्यात शेवटी निघाले. अखेर एके दिवशी पांढरा रंग दिसला आणि लाल चौकोन उघडा पडला. मानांग चार पावलं मागे गेली, मान सरळ धरून तिने पाहिलं आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"तिरकाच होता की रे, क्रिस्पिन!"

तिने मला अंगणातल्या माडाला बांधलं, लहान मुलांच्या उंचीवर. एका दुपारी योयोय आला. बरोबर कुणी नव्हतं. बराच वेळ माझ्यासमोर उभा राहिला.

"मानांग, मी पांढरा करीन म्हणालो होतो."

"केला मी," ती म्हणाली आणि तिने आपले सोललेले तळवे त्याच्यापुढे धरले.

तो गेला. त्याच्या गाडीवरून त्याचाच चेहरा माझ्याकडे बघत हसत होता.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला खुशाल मारा. चेंडू मारा, मातीने माखलेला मारा. उन्हापावसात लाकूड फुगलं तर थोडं तेल लावा. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, लोकांना काही द्याल, तेव्हा आधी द्या. रंगाऱ्याला बोलावू नका. आणि जाता जाता एक नेम माझ्या त्या तिरक्या चौकोनावर धरा. मानोंग क्रिस्पिनने तो त्यासाठीच काढला होता.