बंद पेटीतली हवा

मी एक जुना वायुमापक आहे. सरहद्दीवरच्या एका तपासणी नाक्यात, खोलीच्या भिंतीला पाच खुंट्या आहेत. दोन खुंट्यांवर रेनकोट, एकीवर टॉर्च, एकीवर शिट्टी आणि पाचवीवर मी. मी विटेएवढा आहे. मला एक काचेचा पडदा, दोन बटणे आणि हातभर रबरी नळी आहे. नळीने मी हवा ओढतो आणि तिच्यात शंभरात किती भाग कार्बन डायऑक्साइड आहे, ते सांगतो. उघड्यावर माझा आकडा ०.०४ येतो.

मित्रांनो, माझी पहिली नोकरी धान्याच्या कोठारात होती. साठवलेले धान्यही श्वास सोडते, त्यामुळे खोल कोठीतली हवा कधीकधी जीवघेणी होते. कामगार उतरण्याआधी मला दोरीने खाली सोडत. "आधी त्याला विचारा, मग उतरा," असे मुकादम बजावत असे. भिंतीवर पाटी होती : सहाला डोके फुटू लागते, दहाला शुद्ध हरपते. एकदा माझा आकडा पाहून, घाईने आधीच उतरू लागलेल्या दोघांना अर्ध्या शिडीवरून परत बोलावले, तेव्हा मुकादमाने मला स्वतःच्या रुमालाने पुसले होते.

पुढे नवी यंत्रे आली आणि मला या नाक्याने घेतले. इथे ट्रकांच्या बंद पेट्या येत. पेटीच्या तळाला पाणी निचरायचे भोक असते. त्यातून ताई, म्हणजे इथली हवालदार, माझी नळी आत घाली. आकडा जास्त आला की आत कोणीतरी लपले आहे, हे कळे. मग दार उघडत. चोरून आलेली माणसे उन्हाने डोळे मिटत बाहेर येत. ताई आधी पाणी देई, मग कागद विचारी. बऱ्याच जणांना परत पाठवत. पण ती स्वतःच्या पायांनी चालत जात.

मग निवडणूक आली. भिंतीभिंतींवर लिहिले गेले : "घुसखोर हटवा." खोलीतही वाद होऊ लागले.

"आपली पोरं बेकार बसलीत, यांना कुठे ठेवायचं?" नाक्याचे साहेब म्हणत.

"नका ठेवू. पण माणसासारखं परत तरी पाठवाल?" ताई म्हणे.

"तू त्यांना घरीच ने ना, ताई. खोली रिकामी आहे का?"

"सासूबाईंना विचारून सांगते," ताई म्हणे आणि दोघेही हसत. पुढे पुढे साहेब हसेनासे झाले.

एका सकाळी गाद्यांचा ट्रक आला. ताईने नळी घातली. ६.१.

"काय रे, तुझ्या गाद्या कधीपासून धापा टाकायला लागल्या?" तिने ड्रायव्हरला विचारले. तो पळू लागला, पण पकडला गेला. पेटीच्या कुलपाची किल्ली साहेबांनी घेतली आणि खिशात टाकली. मग कुठेतरी फोन लावला.

"दार उघडायचं नाही," ते म्हणाले. "पुढारी स्वतः येतायत. कॅमेऱ्यांसमोर तेच उघडणार. बघू दे सगळ्यांना."

"साहेब, आतून थापा येतायत."

"येऊ देत. म्हणजे जिवंत आहेत."

तासाभराने ७.९. फाटकापाशी लोक जमले, घोषणा सुरू झाल्या. एकाने पेटीवर दगड मारला, बाकीचे हसले. आतून उत्तरादाखल एकच थाप आली.

आणखी तासाभराने ९.८.

"साहेब, किल्ली द्या. पाया पडते तुमच्या."

"अगं, तो डबा म्हातारा झालाय. काहीही बरळतो."

ताईने मला मोकळ्या हवेत धरले. ०.०४. पडदा तिने साहेबांच्या डोळ्यांसमोर नेला. "बाहेर बरोबर दाखवतोय. मग आतच कसा चुकेल?"

साहेबांनी घड्याळ पाहिले. "निघालेत ते. पोचतीलच. माझी नोकरी जायला हवी आहे का तुला?"

मित्रांनो, माणूस कुठल्या देशाचा, कायद्याने आला की चोरून, हे मला कळत नाही. ते ठरवणारी मोठी माणसे आहेत, त्यांनी खुशाल वाद घालावा. मला एवढेच कळते की बंद जागेत कोणी श्वास घेत असेल, तर आकडा चढत राहतो. मला पुसू नका, रंगवू नका. माझी निगा राखायची असेल, तर मी सांगितल्यावर उशीर करू नका.

ताईने पेटीच्या पत्र्याला कान लावला. मग नळी आत घातली. १०.६.

गाड्यांचा ताफा फाटकातून आत आला. पुढारी उतरले. कोणीतरी त्यांची कॉलर नीट केली. कॅमेरे लावून होईपर्यंत अर्धा तास गेला. साहेबांनी खिशातून किल्ली काढली. ताईने पुन्हा नळी घातली.

१०.६.