पश्चिमेची काच

युसूफभाई खिडकीच्या मोकळ्या चौकटीसमोर मेजरटेप हातात धरून उभा होता आणि मान हलवत होता. जळगावात काचेचं दुकान चालवत त्याला पंचवीस वर्षं झालेली. एवढी मान हलवताना योगराजने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"योगराजभाऊ, माझं ऐका. ही खिडकी पश्चिमेला आहे. इथे साधी पांढरी काच, तीही फिक्स? दुपारी दोननंतरचं ऊन थेट पलंगावर येणार."

"येऊ दे की. एसी बसवतोय."

"दोन पल्ल्यांची स्लायडिंग करू. बाहेरून जाळी. काच थोडी काळसर घेऊ, उन्हाला अडवते. उद्या कूलर लावायचा झाला तरी जागा राहील."

"आणि मधोमध ती पट्टी येणार. नानांच्या डोळ्यांसमोर उभी. नको."

नशिराबादेत घर बांधायला काढलं ते मुळी या खिडकीसाठी, असं म्हटलं तरी चालेल. सुकदेवनाना म्हणजे योगराजचे वडील. बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. धुळे-जळगाव, जळगाव-भुसावळ, रात्रीची सुरत, सगळं करून झालेलं. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी लकवा मारला आणि उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला, आणि "हां" एवढा एक शब्द. जुन्या घराच्या अंधाऱ्या खोलीत तीन वर्षं हा माणूस भिंतीकडे बघत पडून होता. आयुष्यभर ज्याच्या समोरून रस्ता धावला, त्याच्या समोर पोपडे! योगराजच्या जिवाला ते लागायचं. नवं घर रस्त्याच्या वळणावर बांधलं. मागची खोली नानांची, आणि तिच्या खिडकीतून पुढचा-मागचा मिळून अर्धा किलोमीटर रस्ता दिसत होता.

"एसटीची पुढची काच असते ना," योगराज म्हणाला, "तशी पाहिजे. एकच. जोड नाही, गज नाही, पट्टी नाही."

"गज नाहीत म्हणजे टफन काच लागेल. ती सहजासहजी फुटत नाही. आतून कितीही ठोका, आवाजसुद्धा बाहेर जायचा नाही." युसूफभाईने टेप सरकन मिटला. "बरं, लाईट गेली तर? आपल्याकडची लाईट तुम्हाला माहीत आहे. अशी काच ऊन आत घेते आणि बाहेर सोडत नाही. खोलीची भट्टी होईल."

"इन्व्हर्टर आहे."

"इन्व्हर्टर एसी ओढत नाही भाऊ."

योगराज वैतागला. किती ती कटकट! "अहो, घरात माणसं आहेत की नाहीत? लाईट गेली तर दार उघडतील. पंखा लावतील. आम्ही काय म्हाताऱ्याला कोंडून ठेवणार आहोत?"

ज्याचं घर त्याचा हट्ट. युसूफभाईने माप घेतलं, सात बाय पाच, आणि ते दोनदा तपासलं. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, मापात चूक चालत नाही.

आणि पंखा? नानांच्या खोलीच्या छताला पीओपी केलं तेव्हा योगराजनेच तो काढायला लावला. एसी असताना पंखा कशाला, खोली कशी मोकळी दिसते बघा. शहाणपण!

काच बसली त्या दिवशी नानांना पलंगासकट खिडकीशी नेलं. बाहेर रस्ता चकचकत होता. नाना बघत राहिले, बघत राहिले. थोड्या वेळाने वळणावर भुसावळची लाल गाडी आली. ती चुडामण चालवत होता. तो नानांच्या हाताखाली गाडी शिकला, त्यांना उस्ताद म्हणायचा. काचेपलीकडचे नाना त्याला ओळखू आले. ड्रायव्हर लोक समोरासमोर आले की हात वर करतात, तसा त्याने केला आणि हॉर्न दिला. नानांनी डावा हात उचलला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. योगराज बाहेर ओट्यावर जाऊन रडला आणि बायकोला, रत्नाला म्हणाला, डोळ्यात कचरा गेला.

पुढे तो नेमच झाला. चुडामणच्या दिवसाला चार फेऱ्या, चार वेळा हात. बाकीचे ड्रायव्हरही करू लागले. गावातले सायकलवाले, शाळेची पोरं, दूधवाले, सगळे काचेकडे बघून हात करायचे आणि नाना उलट करायचे. जागच्या जागी पडून सगळ्या रस्त्याचा राम राम घ्यायचे.

"बघ," योगराज रत्नाला म्हणायचा. "आणि म्हणे काळी काच लावा. काळी लावली असती तर नाना कुणाला दिसले असते का?"

हिवाळा असा गेला. मग आखाजी आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशात लेकींचा सण. कोकिळा, योगराजची बहीण, दोंडाईच्याहून दोन दिवस आधीच आली होती. सकाळी गेलेल्या आईच्या, तानुबाईच्या नावाने घागर भरली, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, आंबा ठेवला, सांजोरीचा नैवेद्य दाखवला. बाहेर सेहेचाळीस होतं. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. नानांच्या खोलीत मात्र गारवा. कोकिळा आत जाऊन म्हणाली, "माय वं! दादा, नानाले तर महाबळेश्वरले आणी ठेवं शे तू!" नाना म्हणाले, "हां."

दीडच्या सुमाराला रत्नाने नानांना भरवलं. रस, अर्धी पुरणपोळी, चमचाभर भात. पलंगाशी एक स्टीलची वाटी आणि चमचा कायम असायचा. काही हवं असलं की नाना तो वाजवायचे. वाटी रसाने माखली म्हणून रत्ना खरकट्याबरोबर ती घेऊन गेली. घासून ठेवू, म्हणाली. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं. पडदा नानांना कधीच चालत नसे, तो उघडाच राहिला.

पुरणपोळी आणि रस पोटात गेला की माणसाला शुद्ध राहते का? हॉलमध्ये जो तो जिथे जागा मिळेल तिथे आडवा झाला. वर पंखे गरगरत होते.

सव्वादोनला लाईट गेली. वळणापलीकडची डीपी, म्हणजे विजेची पेटी, उडाली होती. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा ती उडतेच. हॉलचे पंखे क्षणभर मंदावले आणि इन्व्हर्टरवर पुन्हा फिरू लागले. भर दुपारी दिवे कुणी लावलेले नव्हते. स्वयंपाकघरातला फ्रीज गप्प झाला, पण त्याच्याकडे झोपेत कोण कान देतं! माणसं घरात होती. सगळी घरातच होती. लाईट गेल्याचं एकालाही कळलं नाही.

पावणेपाचला योगराज उठला. चहा टाक गं, म्हणून त्याने नानांचं दार लोटलं आणि तोंडावर अशी झळ आली की तो मागे सरला. आत ऊन मावत नव्हतं. पलंगाचा लोखंडी कठडा हाताला भाजला. नाना डाव्या कुशीवर ओढले गेले होते, खिडकीच्या बाजूला. अंग कोरडं, तापलेलं. तोंड उघडं.

"नाना! ओ नाना!"

अंगावर पाणी ओतलं, गाडीत घातलं, जळगाव गाठलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि योगराजच्या खांद्यावर हात ठेवला. उष्माघात, म्हणाले. तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

रत्ना त्या वाटीवरून धाय मोकलून रडली. मीच नेली, मीच मेलीने नेली. कोकिळा तिला धरून बसली. योगराजने तिला बोल लावला नाही. वाटी हे निमित्त होतं आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. काचेवर डाव्या हाताचे ठसे उमटले होते. पाच बोटं, त्यांवर पाच बोटं, पुन्हा त्यांवर. नाना उठायला बघत असतील, आधाराला हात टेकला असेल, असं त्याने मनाशी घट्ट धरून ठेवलं. तेवढ्यावरच तो उभा होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आले, तर ओट्यावर चुडामण खाकी कपड्यातच बसला होता. ड्युटीवरून तसाच आलेला. योगराजला पाहून तो गळ्यात पडला.

"उस्ताद गेले रे! अरे, मला विश्वासच बसत नाही. आखाजीच्या दिवशी तर मला हात केला त्यांनी."

योगराजने त्याला ओट्यावर बसवलं.

"तीनला भुसावळला चाललो होतो, तेव्हा केला. मी हॉर्न दिला. चारनंतर परत आलो, तर पुन्हा. आणि त्या वेळी साधा नाही हं. जोरजोरात, पंजा काचेवर थापत होते. डोळे माझ्याकडे. मी कंडक्टरला म्हटलं, बघ, सणाच्या खुशीत आहेत आमचे उस्ताद. गाडी हळू केली. अख्ख्या गाडीने हात केले त्यांना. बायांनी, पोरांनी, सगळ्यांनी." चुडामणने बाहीने डोळे पुसले. "एवढंच समाधान, योगराज. शेवटी हसतखेळत गेले."

उन्हाचा कवडसा ओट्यावर सरकत होता. सगळ्या रस्त्याला दिसले नाना. नीट, स्वच्छ, मध्ये पट्टी नाही. योगराजनेच तशी काच मागून घेतली होती. वीस पावलांवर तो स्वतः घोरत पडला होता.

"काय झालं रे? असा काय बघतोस?" चुडामणने विचारलं.

सांगावं का याला? हा रोज चार वेळा त्याच वळणावरून साठ माणसं नेतो. योगराजने त्याच्या भाबड्या तोंडाकडे पाहिलं.

"काही नाही," तो म्हणाला. "चहा घे."

तेराव्यानंतर युसूफभाई आला. मी सांगितलं होतं, असं एका शब्दाने म्हणाला नाही. काच अखंड काढली, परसात कडुनिंबाला टेकवली. ती कापून दुसरीकडे लावता येत नव्हती, म्हणून तिथेच राहिली. चौकटीत दोन पल्ल्यांची स्लायडिंग बसली, बाहेरून जाळी, काच काळसर. आता बाहेरून आतलं कुणी दिसत नाही.

चुडामण अजून वळणावर आला की सवयीने हॉर्न देतो आणि हात वर करतो. योगराज बहुतेक वेळा जाळीमागे उभाच असतो. त्याचा हात अजून एकदाही वर गेलेला नाही.