पानावरचा माणूस

धाकट्या लेकीचं, सुगंधाचं लग्न झालं त्या वर्षी आमचं घर दोन्ही बाजूंनी आत सरकलं. डावीकडची भिंत पंख्यांची जाहिरात झाली, उजवीकडची सिमेंटची. मधल्या पट्टीत आम्ही नवरा-बायको राहू लागलो.

आमच्या मिठागरांच्या गावात गावाच्या विकीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सामाईक वहीत, जे लिहिलेलं असे, तेच खरं असे. ज्याचं घर त्यानेच त्या घराचं पान लिहायचं. आमचं पान लिहायला मी साठीनंतर अक्षरं शिकले. यांचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं, लिहिलं मात्र बिनधास्त.

बाहेर जाताना चावी शेजारी ठेवायची आमची सवय. विकी ज्या कंपनीच्या यंत्रावर होता, तिच्याकडे आम्ही त्याचीही चावी तशीच ठेवली. लग्नाच्या त्याच वर्षी एक दिवस कंपनीने आतून कडी लावली, आमचं लिहिणं बंद केलं आणि पानांच्या कडेला जाहिराती लावल्या.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी हे गेले. हात गार पडले. मी पान उघडलं, पण लिहायची जागाच नव्हती. पानावर होतं, यांना चहा गोड लागतो. हे उठून बसले.

"चहा टाक. गोड."

"तुम्ही गेलात ना?"

"गेलोच. पण पानावर आहे ना अजून."

मी कंपनीला फोन लावला. तिथली बाई सिमेंटच्या भिंतीतून बोलली, "पान छान चाललंय, आजी. आता ते आमचं आहे."

"माणूस माझा आहे."

"तो पानाबरोबरच आमच्याकडे आला."

भिंत आणखी वीतभर आत आली. हे गुडघे पोटाशी घेऊन बसले. "सोडव गो मला. असं ताटकळत किती बसू?"

विकीच्या आधी घरच्या माणसाने दारोदार जाऊन, नाव घेऊन मयत सांगायची रीत होती. नाव घेतलं की माणूस सुटे. मी निघाले. घरात जागा उरली नव्हती, म्हणून हेही मागून आले.

शेजारच्या बामाबायच्याही भिंती आत आल्या होत्या; दार फटीएवढंच उघडलं.

"काय गो, जोडीनं? नवीन लग्न झाल्यासारखी?"

"सांगायला आलेय."

"कोण गेलं?"

माझी जीभ उचलेना. यांनी मागून पदर ओढला. "घे की आता. जन्मभर लाजलीस."

दाराची फट बारीक होत चालली होती. पदरावरची मूठ गार होती, घट्ट होती. मी म्हटलं,

"हसुराम दामा म्हात्रे वारले. सुगंधाच्या लग्नाच्या वर्षी, शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी."