कार्डाची मागची बाजू

ज्या वर्षी मिस्त्रींच्या सुनेला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी अक्षरवर्गाच्या चिठ्ठ्या निघाल्या. घरातल्या आजी-आजोबांना वाचता आलं, तर पोरं शाळेत टिकतात का, औषधा-ॲसिडाच्या बाटल्यांपासून वाचतात का, हे एका मोठ्या संस्थेला देशोदेशी तपासायचं होतं. काहींना वर्ग लगेच, बाकीच्यांनी दोन वर्षं थांबायचं. मग दोन्ही गटांची परीक्षा. फरक दिसला, तर सरकार वर्गांना पैसा देणार.

शेजारच्या विधवा वहिनींना वर्ग लागला. मिस्त्रींच्या नशिबी थांबणं आलं. पंक्चर काढण्यात जन्म गेलेल्या माणसाने खरं तर सुटलो म्हणायचं. पण वहिनींना येतं आणि आपल्याला नाही, हे मिस्त्रींना पचेना. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते 'सहज' वहिनींच्या ओट्यावर जाऊन बसत. वहिनी जुन्या ट्यूबवर खडूने अक्षर काढून देत, मिस्त्री गिरवत. ट्यूब पंक्चरच्या पाण्यात बुडवली की पाटी कोरी. वर्षभरात मिस्त्री वाचू लागले आणि घरच्यांच्या डोक्याला ताप झाला. साबणाचा कागदसुद्धा ते मोठ्याने वाचल्याशिवाय फेकू देत नसत.

परीक्षा जवळ आली तेव्हा वहिनींच्या डोक्यात प्रकाश पडला. थांबलेलेही वाचायला लागले, तर फरक दिसणार कुठून? वर्ग फुकट गेला म्हणतील आणि बंद करतील.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही ठोंब्यासारखं बसायचं. तुम्हाला ते जड जाऊ नये."

मिस्त्रींनी मान डोलावली. ठोंब्या दिसायचा अनुभव त्यांच्या गाठीशी भरपूर होता.

पाहणीवाली मुलगी आली, दुकानातल्या स्टुलावर बसली आणि तिने कार्ड पुढे केलं. वहिनी दारात उभ्याच होत्या. मिस्त्रींनी कार्ड लांब धरलं, डोळे बारीक केले, डोकं खाजवलं. सोंग झकास वठलं. पण डोळे ऐकतात थोडेच? ते आपले ओळींवरून चालू लागले. कार्डावरच्या गोष्टीतली छोटी मुलगी विहिरीपाशी गेली. तिचा चेंडू आत पडला होता. ती कठड्यावर चढली आणि खाली वाकली.

तिथे कार्ड संपलं. पुढची गोष्ट मागच्या बाजूला होती, पण पुढची बाजू वाचता येईल त्यालाच कार्ड उलटून द्यायचं, असा त्यांचा नियम. पाहणीवालीने कार्ड घ्यायला हात पुढे केला. मिस्त्री ते सोडेनात.

"कुणी धरलं का तिला?"

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला.

"कुणाला, आजोबा?"

अजूनही शब्द गिळता आला असता. पण घरात दोन्ही नाती नेमक्या नको तिथे चढण्याच्या वयात होत्या.

"येतं मला वाचता," मिस्त्री म्हणाले. "वहिनींनी शिकवलंय. लिहा तसं. पण आधी ते उलटा."

मागच्या बाजूला आजीने त्या छोटीला मागून धरलं होतं. मिस्त्रींनी ते अडखळत वाचून काढलं, सुस्कारा सोडला, आणि वर आणखी एखादं कार्ड आहे का म्हणून विचारलं.

वहिनींनी बोलणं टाकलं. देशोदेशीचा अभ्यास आपण एकट्याने बुडवला, असं मिस्त्रींना वाटे. एवढं महत्त्व आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, त्यामुळे दुःखही धड होईना. पुढे कळलं, की थांबलेल्या कितीतरी घरांत हाच चोरटा धंदा चालला होता. मिस्त्रींचं महत्त्व तेवढ्यावर आटोपलं. फरक काही दिसला नाही. सरकारने पैसा दिला नाही आणि वर्ग बंद झाला.

मग वहिनींनीच ओट्यावर म्हातारे गोळा केले. शिक्षा म्हणून मिस्त्रींना पहिल्या ओळीत बसवून पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायला लावली. मिस्त्रींनी एकदाही कुरकुर केली नाही.

पुढच्या थंडीत, एका सोमवारी सकाळी, वहिनी वारल्या. तेरावं झाल्यावर म्हातारे पुन्हा ओट्यावर जमले, तेव्हा खडू मिस्त्रींच्या हातात होता.