लाल चकती आणि मळखाऊ कापड

ज्या वर्षी गादीवाल्यांची छबी पहिले पाऊल टाकून आपटली आणि रडायचे सोडून खुदकन हसली, त्याच वर्षी मी त्यांच्या घरी आले. मित्रांनो, मी मोटारसायकलच्या मागची लाल चकती आहे. काही जण मला रिफ्लेक्टर म्हणतात. आता मी जुनी झाले आहे. माझ्या कडेला चीर गेली आहे, रंगही विटला आहे. पण जे पाहिले ते विटलेले नाही, म्हणून सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेले लाल प्लास्टिक साच्यात दाबत, गार करत, आणि माझ्यासारख्या चकत्या टपाटप खाली पडत. समोरून मी गुळगुळीत दिसते. पाठीला मात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक बारीक कोपरे आहेत. प्रकाश त्या कोपऱ्यांत शिरला, की जिकडून आला तिकडेच परत जातो. तपासणीच्या टेबलावर एक चष्मेवाली बाई बसे. तिने माझ्यावर दिव्याचा झोत टाकला आणि शेजारणीला म्हणाली, “ही बघ कशी डोळे वटारते!”

“तुझ्या सासूवर गेलीय,” शेजारीण म्हणाली.

मी पास झाले.

माझ्याजवळ स्वतःचा उजेड नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागून येणाऱ्याने उजेड टाकला, तरच मी त्याला दिसते. आणि माझे तोंड कायम मागे असते. मालक पुढचा रस्ता पाहतो, मी मागचा. कुठे जायचे आहे ते मला कधी कळत नाही. मागून काय येते आहे, तेवढेच दिसते. लांब एक दिवा उगवतो. तो मोठा होतो, आणखी मोठा होतो. आता वळेल, असे मी म्हणते. आता वळायला हवा. आणि तो वळतो. इतकी वर्षे हेच चालले होते. पण प्रत्येक वेळी, तो वळेपर्यंत, मी हेच म्हणत राही.

माझे मालक गाद्या करत. रस्त्याला लागून त्यांची एक लांब खोली होती. अर्ध्या खोलीत कापूस पिंजण्याचे यंत्र, उरलेल्या अर्ध्यात संसार. कापसाचे तंतू सगळीकडे उडत. मालकांच्या भुवयांवर, चहाच्या कपावर, छबीच्या वेणीतसुद्धा. वहिनी, म्हणजे मालकीणबाई, गादीला दाभणाने टाके घालत. त्यांचे टाके असे सरळ, की वर्षानुवर्षे कापूस एका कोपऱ्यात गोळा होत नसे. गादी तयार झाली, की मालक तिची वळकटी करत, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर आडवी टाकत आणि दोरीने आवळून गिऱ्हाइकाच्या घरी पोचवत. वळकटीवर पांढरी चादर असे. अंधार पडल्यावर मागून पाहणाऱ्याला आधी ती पांढरी वळकटी दिसे, तिच्याखाली दिवा दिसे, आणि दिव्याखाली मी.

मालक मला रोज पुसत. शेजारचा पंक्चरवाला त्यांना हसे. “मागची चकती इतकी चमकवता, जरा तोंडही पुसत जा. कापसाची दाढी आलीय!”

“माझं तोंड बघून कुणी ब्रेक मारत नाही,” मालक म्हणत. “हिला बघून मारतात.”

मित्रांनो, एवढे कौतुक मला नंतर कधी मिळाले नाही.

वहिनींचा धाकटा भाऊही याच धंद्यात होता. पलीकडच्या गल्लीत राही, गाद्या पोचवायला मदत करी. सतत शिट्टी वाजवायची सवय, म्हणून छबी त्याला शिट्टीमामा म्हणे. आई लवकर गेली होती, तेव्हा वहिनींनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. मिशा फुटल्या, स्वतःची मोटारसायकल आली, तरी वहिनी त्याला ताटावर बसवून “अजून एक घे” म्हणून दटावत. तो यायचा हे मला आधीच कळे. मागून शिट्टी ऐकू येई आणि मग त्याचा पिवळट दिवा दिसे.

मग एकदा एका घरातून गादी परत आली. पांढऱ्या चादरीतून धूळ झिरपून गादीवर मळकट पट्टा उमटला होता. त्या घरची बाई दारात उभी राहून बरेच बोलली. वहिनींच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवले नव्हते. त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या बाजारातून गडद निळे, जाड कापड घेऊन आल्या.

“मळखाऊ रंग आहे,” त्या मालकांना म्हणाल्या. “कितीही धूळ बसू दे, दिसणार नाही.”

गादीवाल्यांच्या घरात सगळे मळखाऊच असे. पडदे, छबीचे दप्तर, मालकांची विजार. पांढऱ्या कापसात जन्म गेलेल्या माणसांना मळाची फार धास्ती. वहिनींनी त्या कापडाची मोठी खोळ शिवली. वळकटीच्या दोन्ही टोकांना झालर ठेवली, मागे तर चांगली हातभर. चाकाची धूळही आत जाऊ नये म्हणून.

ती झालर माझ्यावर आली.

गाडी रिकामी असली, की खोळ घडी करून पिशवीत जाई आणि मी उघडी पडे. मालक सकाळी मला पुसत, दिवा लावून बघत, खूश होत. पण गादी चढली, ओझ्याने गाडी मागून खाली दबली, झालर खाली आली, की मी आंधळी. दिवाही झाकलेला. मालकांना हे दिसायचे कसे? ते तर पुढे बसलेले. त्यांनी तपासलेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी, या दोन वेगळ्याच गाड्या झाल्या होत्या.

त्या दिवसांत मी फक्त ऐकत असे. मागून घरघर येई, वाढत वाढत अगदी पाठीशी येई, आणि मग टायर करकचून ओरडत. कुणी शिवी देई, कुणी हॉर्न दाबून धरी. मालक म्हणत, “लोकांना आजकाल दमच नाही.” मी झालरीच्या आत आवाज मोजत राही. प्रत्येक आवाज आदल्या आवाजापेक्षा जवळचा होता.

एका संध्याकाळी एक मालट्रक आमच्या मागच्या चाकाला जवळजवळ टेकून थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. मोठा दणकट माणूस.

“गाडी चालवताय का अंधाराचा तुकडा?” तो मालकांवर ओरडला. “मागे या. अहो, मागे या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा!”

मालक उतरून मागे आले. ड्रायव्हरने झालर उचलली. मी त्याच्या दिव्यांत झगझगले. त्याने झालर सोडली. मी विझले. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. मालक वाकून बघत राहिले. त्यांच्या भुवयांवरचा कापूस तेवढा हलत होता.

“घरी कोण आहे?” ड्रायव्हरने जरा शांत होऊन विचारले.

“बायको आहे. मुलगी आहे.”

“मग त्यांच्यासाठी तरी दिसत जा, भाऊ.”

घरी आल्यावर मालकांनी सगळे सांगितले. वहिनी रात्रभर त्या झालरीकडे बघत बसल्या. पण बाई मोठी धीराची. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी उरलेल्या पांढऱ्या कापडाची आखूड खोळ शिवली, आणि झालर ठेवलीच नाही. पंक्चरवाल्याने मागे लोखंडी पट्टी बाहेर काढून दिवा आणि मला तिच्या टोकावर बसवले, म्हणजे वळकटी कितीही खाली आली तरी आम्ही तिच्या पलीकडे. दोन्ही बाजूंना चमकणारी फीतही चिकटवली.

“गाडीला शेपूट फुटलं!” छबी टाळ्या वाजवत म्हणाली.

“हसू नको,” पंक्चरवाला म्हणाला. “आता तुझे बाबा चंद्रावरूनही दिसतील.”

मालकांनी गादी चढवली, दोरी आवळली आणि मगच रस्त्यापलीकडे जाऊन मागून पाहिले. मला वाटले, संकट टळले.

आता ती निळी खोळ उरली. वहिनींनी ती स्वच्छ धुतली, वाळवली, हात फिरवून बघितली. एक टाका उसवला नव्हता. एवढे दणकट कापड कोण टाकून देईल? शिट्टीमामा जेवायला आला होता.

“ताई, ही मला दे की,” तो म्हणाला. “माझी चादर पार फाटलीय.”

“घेऊन जा. पण मागची झालर कापायला हवी.”

“कापतो गं. आधी वाढ.”

“कापतो म्हणाला आणि विसरला, असं करू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे.”

“बरं बाई, तूच काप मग. रविवारी घेऊन येतो.”

वहिनी हसल्या. मी अंगणात गाडीवर होते. माझे तोंड दाराकडे होते. ते निळे कापड त्याच्या काखेत घराबाहेर पडताना मी पाहिले. मला आवाज असता तर मी ओरडले असते. पण मला काय, उजेड पडला तरच बोलता येते.

रविवार आला. शिट्टीमामा आला नाही. त्याला ताप होता. पुढच्या रविवारी एका गिऱ्हाइकाचे काम निघाले. झालर तशीच राहिली.

मग मुलांच्या एका वसतिगृहाकडून गाद्यांची मोठी ऑर्डर आली. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या पोचवायच्या होत्या. मालक आणि शिट्टीमामा सकाळपासून फेऱ्या मारत होते. शेवटच्या फेरीला ऊन उतरले. हिवाळ्यात अंधार भराभर पडतो.

मालक चांगले माणूस होते. त्यांनी शिट्टीमामाच्या गाडीपाशी जाऊन विचारले, “दिवा लागतो का तुझा?”

“लागतो की.” त्याने दिवा लावून दाखवला. चांगला लाल लखलखला. गाडी रिकामी होती.

“ठीक. तू माझ्या मागून ये. माझा लाल दिवा बघत ये. पुढे जाऊ नकोस, घाई करू नकोस.”

“तुमची शेपटी बघूनच येतो, दाजी.”

मग दोघांनी गाद्या चढवल्या. आमच्यावर पांढरी खोळ. त्याच्यावर निळी. वहिनी दारात आल्या. छबीला थंडी वाजत होती, म्हणून तिला आत घेऊन त्यांनी दार लोटले. झालर खाली येताना त्यांना दिसली नाही.

मित्रांनो, पुढचे मी एकटीने पाहिले. कारण मागे बघणारी मी एकटीच होते.

गावाबाहेरचा रस्ता सरळ होता. मागे शिट्टीमामाचा पिवळट दिवा होता, आणि वाऱ्यातून मधूनमधून शिट्टी ऐकू येत होती. त्याच्याही मागे, फार लांब, दोन दिवे उगवले. ते मोठे झाले. आणखी मोठे झाले. त्यांचा उजेड शिट्टीमामाच्या डोक्यावरून माझ्यापर्यंत पोचला आणि मी चमकले. आयुष्यात कधी चमकले नव्हते इतकी चमकले. पट्टीच्या टोकावर, स्वच्छ पुसलेली, कशानेही न झाकलेली. आता वळेल, मी म्हटले. आता वळायला हवा.

ते दिवे वळले नाहीत.

शिट्टी थांबली. मग पिवळा दिवा गेला. मग आवाज आला.

मालक गाडी टाकून धावले. मी आडवी पडले, ही चीर मला तेव्हा गेली. रस्त्यावर पांढरा कापूस पसरला होता आणि ट्रकच्या दिव्यांत हळूहळू उडत होता. ट्रकचा ड्रायव्हर रस्त्यातच बसला होता. हा काही पूर्वीचा नव्हता, पोरसवदा होता. तो छाती पिटून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता.

“मला लाल दिवा दिसला होता, काका. चांगला लांब दिसला होता. त्याच्या अलीकडे रस्ता मोकळा होता. आईशपथ सांगतो, मधे कुणी नव्हतं हो! मधे कुणीच नव्हतं!”

तो खोटे बोलत नव्हता. त्याला मी दिसले होते. मी दिसले, म्हणून त्याला वाटले की माझ्यापर्यंत रस्ता रिकामा आहे.

त्यानंतर मालकांनी ती गाडी फार दिवस चालवली नाही. ती अंगणात भिंतीला लावून ठेवली. मला पुसणे थांबले. माझ्यावर धूळ बसली, तिच्यावर कापूस बसला. वहिनींनी घरातले गडद कापड एक एक करून काढून टाकले. पडदे पांढरे आले, दप्तर पिवळे आले. निळ्या खोळीचा तुकडा मात्र त्यांनी ट्रंकेत ठेवला. गाद्या करणे त्यांनी सोडले नाही. पण आता गादी देताना त्या गिऱ्हाइकाच्या गाडीमागे जाऊन उभ्या राहतात. दोरी आवळून झाल्यावर लांब जातात, वाकून बघतात. कुणी कंटाळून म्हणते, “अहो बाई, सोडा आता, उशीर होतोय.” त्या सोडत नाहीत. एकदा एक जण चिडला, तर त्या त्याला म्हणाल्या, “रागव हवं तर. पण दिवा दिसल्याशिवाय मी तुला जाऊ द्यायची नाही.”

मित्रांनो, मी एक साधी लाल चकती. माझे मागणे मोठे नाही. मला आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. पण तेवढ्यावर थांबू नका. गाडी रिकामी असताना तिचा दिवा बघून समाधान मानू नका. ओझे चढवा, दोरी बांधा, माणसे बसवा, आणि मग कुणाला तरी मागे उभे करून विचारा, मी दिसतो का? आणि तुम्ही स्वतः दिसत असाल, तर एकदा मागे वळून तुमच्या मागून येणाराही दिसतो का, ते बघा. तुमचा लाल दिवा त्याच्या कामाचा नाही. त्याला त्याचाच हवा.

छबी पाचवीत होती, त्या वर्षीच्या हिवाळ्यात, शनिवारी, दिवेलागणीच्या वेळी छबीचा शिट्टीमामा वारला.